सुयांवरचा मफलर

कोलशेत, ठाणे (प.)
दि. १८ नोव्हेंबर २०२४

आदरणीय नंदाताई यांस,
सादर नमस्कार.

आपल्याला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मला फोनवर नेमके बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. आपली धाकटी बहीण, माझी नीला, श्रावणात गेली. दिवसकार्याच्या धांदलीत आपल्याशी दोन शब्द बोलणे राहून गेले, याची जाणीव आहे.

काल नीलाचे कपाट प्रथमच उघडले. तिची विणकामाची पिशवी मिळाली. आपणास ठाऊकच आहे, की दर संक्रांतीला ती घरातल्या प्रत्येकाला पट्ट्यांचा मफलर देत असे आणि ज्याचे त्याचे दोन रंग ठरलेले असत. ठाण्याची थंडी चार दिवसांची, असे मी दरवर्षी म्हणे. त्यावर ती दरवर्षी म्हणे, “त्या चार दिवसांत आठवण येते ना? मग झालं.”

पिशवीत चार मफलर पूर्ण आहेत. माझा राखाडी-निळा, बंगळूरच्या स्वानंदचा, सूनबाई योगिनीचा आणि जावई दिपेशचा. पाचवा सुयांवरच आहे. तो आमच्या लेकीचा, कादंबरीचा असणार, कारण तिचाच तेवढा राहिला आहे. तथापि तिचे रंग जांभळा आणि मोतिया, आणि यात मात्र सर्वांच्या उरलेल्या लोकरीचा एकेक पट्टा दिसतो. रंगांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत आयुष्य गेल्यामुळे छटा ओळखण्यात माझी चूक होत नाही. आजारपणात नीलाला बाजारात जाता आले नाही, म्हणून तिने उरल्यासुरल्या लोकरीवर भागवले असावे. रुंदीलाही तो बेताचाच आहे. तिच्या हातात बळ उरले नव्हते.

तिला विणायला आपणच शिकवलेत. हा मफलर आपण पुरा करून द्याल का? या वर्षी संक्रांत करायची नाही हे खरे, परंतु मफलर म्हणजे सण नव्हे, असे माझे मत आहे.

आणखी एक. कादंबरी दसऱ्यापासून ठाण्याला आलेली नाही. फोनवर ती त्रोटक बोलते. माझ्याकडून काही चुकले असल्यास आपल्या कानावर आले असेल. कळवावे.

आपला,
प्रभाकर

*

डोंबिवली (पू.)
२५ नोव्हेंबर

प्रभाकरराव,

नमस्कार तरी साधा घाला हो. तुमचा ‘सादर नमस्कार’ वाचून मी उगाच पदर सावरून बसले.

पिशवी सापडली हे बरं झालं. चौघांचे मफलर नीट ठेवा, लोकरीत कडुनिंबाचा पाला घाला. पाचवा मात्र आहे तसाच राहू द्या. सुया काढू नका, टाके सोडू नका, कुणाला दाखवायलाही बाहेर काढू नका. मला पुरा करायला सांगताय, पण माझा अंगठा हल्ली फार दुखतो. सुई धरवत नाही.

कादंबरी रागावलेली नाही. कल्याणला तिला कामच फार आहे. मी मधूनमधून रिक्षानं जाऊन येते, हातीपायी धड आहे पोरगी. तुम्ही जेवताय ना वेळेवर? सगुणाबाई पोळ्या करून जाते आणि तुम्ही त्या दुसऱ्या दिवशी चहाबरोबर खाता, असं ऐकलंय. कुणाकडून ते विचारू नका.

नंदा

*

कोलशेत, ठाणे (प.)
दि. ५ डिसेंबर २०२४

आदरणीय नंदाताई,
नमस्कार (साधा).

आपल्या अंगठ्याविषयी वाचून वाईट वाटले. आपल्याला त्रास देणे योग्य नव्हते. म्हणून मी स्वतःच विणण्यास शिकलो आहे. मोबाइलवर एक बाई हळूहळू करून दाखवतात. जुन्या लोकरीवर आठवडाभर सराव केला आणि मगच नीलाच्या सुयांना हात लावला. सुलट टाके बरे जमतात. माझी वीण तिच्यापेक्षा घट्ट येते, त्याला इलाज नाही. कादंबरीच्या जांभळ्या आणि मोतिया रंगांची लोकर आणली असून त्यांचे पट्टे पुढे जोडीत आहे. मोठ्या माणसाच्या गळ्याला पुरेल एवढी लांबी संक्रांतीपर्यंत होईल.

सगुणाबाईंना गंमत वाटते.
“काका, दोन सुया नि चार शिव्या, असं चाललंय तुमचं.”
“मी शिव्या देत नाही.”
“तोंडानं नाय देत. कपाळानं देताय.”

विणताना मात्र विचार थांबत नाहीत. रविवारी दिपेश डबा घेऊन आला होता. मी विचारले, “कादंबरी का आली नाही?”
“झोपलीय, बाबा.”
“सकाळी अकरा वाजता?”
“हां, म्हणजे थकलेली जरा. मी निघालो तेव्हा उठवलं नाही मुद्दाम.”
“कालही फोनवर तू झोपली आहे म्हणालास.”
तो डब्याचे झाकण लावीत बसला. ते आधीच लागलेले होते.

ताई, नीलाचे दुखणे असेच सुरू झाले होते. प्रथम दुपारची झोप वाढली, मग सकाळची. आम्ही त्याला थकवा म्हटले. तपासण्या झाल्या तेव्हा उशीर झाला होता. तसल्या आजाराचा अंश आईकडून मुलीकडे येतो का, हे मी वाचीत असतो. वाचू नये हे कळते. आपण तिला समक्ष पाहता. तिचा चेहरा पांढरा पडला आहे का? जिना चढताना तिला धाप लागते का? एवढेच सांगावे.

आपला,
प्रभाकर

*

डोंबिवली
११ डिसेंबर

प्रभाकरराव,

थांबा. हे पत्र हातात पडेल त्या क्षणी विणणं थांबवा. एक ओळसुद्धा पुढे नेऊ नका. का, ते मला सांगता येत नाही. मी कुणाला तरी शब्द दिलाय.

कादंबरीला नीलाचं दुखणं नाही. नीलाची शपथ घेऊन सांगते. मोबाइलवर रोगांची वर्णनं वाचणं बंद करा, त्या यंत्राला माणूस कळत नाही.

अंगठ्याचं मी खोटं सांगितलं होतं. अंगठा ठणठणीत आहे.

नंदा

*

कोलशेत, ठाणे (प.)
दि. २० डिसेंबर २०२४

श्रीमती नंदाताई यांस,
नमस्कार.

आपले पत्र अनेकदा वाचले. अंगठ्याबाबत आपण खोटे सांगितलेत हे आपणच लिहिता, आणि त्याच पत्रात शपथ घेता. दोहोंपैकी कशावर विश्वास ठेवावा? शपथ हा पुरावा नव्हे. कुणाला तरी शब्द दिला आहे याचा अर्थ लपवण्यासारखे काही आहे, आणि ते माझ्यापासूनच लपवायचे आहे.

बुधवारी खोपटहून एस.टी.ने कल्याणला गेलो. कळवले नव्हते. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरी अन्नपाणी घ्यायचे नाही, ही आपल्या मातोश्रींची रीत नीलाने पाळली आणि तिच्यासाठी मीही पाळत आलो. रीत तर्काला पटत नाही, परंतु त्यामुळे कादंबरीकडे माझे जाणे नेहमीच उभ्या उभ्या झाले. पाणीही न घेणारा पाहुणा यजमानाला जड होतो. या खेपेला तर मी वरही गेलो नाही.

समोरच्या औषधांच्या दुकानाशी उभा होतो. रिक्षा आली. आधी दिपेश उतरला, त्याच्या हातात इस्पितळाची फाइल होती. त्याने तिला हात धरून उतरवले. भर दुपारी तिने जाड शाल लपेटली होती. फाटकापासून जिन्यापर्यंत जाताना ती दोनदा थांबली, भिंतीला हात टेकून. नीला अशीच चालत असे. मला हाक मारता आली नाही. मी परत आलो.

संक्रांतीच्या दिवशी मी पुन्हा जाणार आहे. या वेळी वर जाईन, सर्व अहवाल मागेन आणि ते पाहिल्याशिवाय उठणार नाही. एकदा मला सर्वांत शेवटी कळले. दुसऱ्यांदा तसे होऊ देणार नाही.

विणणे थांबवलेले नाही. कारण न देता दिलेली आज्ञा मी कारखान्यातही मानली नाही.

प्रभाकर

*

डोंबिवली
२५ डिसेंबर

प्रभाकरराव,

रागावलात ते बरं झालं. त्याशिवाय मला हे लिहिण्याचं धैर्य झालं नसतं.

तुम्ही अहवाल मागत दारात उभे राहिलात तर त्या पोरीला त्याचा फार त्रास होईल, आणि या दिवसांत तिला त्रास होऊन चालणार नाही. म्हणून दोन गोष्टी सांगते. दोन्ही नीलाच्या आहेत, कादंबरीच्या नाहीत, तेव्हा माझा शब्द मोडला असं होत नाही.

पहिली. कादंबरीचा मफलर अपुरा राहिलेला नाही. तो नीलानं सगळ्यांच्या आधी पुरा केला आणि ऑगस्टमध्येच तिला दिला. जांभळा आणि मोतिया. कल्याणला तिच्या उशाशी आहे, मी गेले की दर वेळी बघते.

दुसरी. तुम्हाला आमच्या आईची एकच रीत ठाऊक आहे. दुसरीही एक होती. जे माणूस अजून आलेलं नाही, त्याच्यासाठी विणलेलं सुयांवरच ठेवायचं. कितीही पुरं झालं तरी टाके बंद करायचे नाहीत. ते माणूस आलं, की मग बंद करायचे. स्वानंदच्या वेळी त्याची टोपी नीलाच्या सुईवर किती दिवस लोंबत होती, आठवतंय? तुम्ही म्हणाला होतात, “हिला शेवट करायचा आळस.”

तुमच्याकडचा मफलर नीलाच्या आजारपणामुळे राहिलेला नाही. तो झालेला आहे.

तुम्ही शिकलेले आहात. आणखी लिहीत नाही.

नंदा

*

कोलशेत, ठाणे (प.)
दि. ३१ डिसेंबर २०२४

आदरणीय नंदाताई,
सादर नमस्कार. (आज ‘सादर’ राहू द्यावे.)

पत्र वाचून मफलर जेवणाच्या टेबलावर पसरला. नीलाची वीण जेथे संपते आणि माझी घट्ट वीण जेथे सुरू होते, तेथे बोट ठेवले. तिचा भाग वीतभरही रुंद नाही आणि माझ्या हाताइतकाही लांब नाही. इतक्या लहान गळ्याचे आपल्या घरात कोणी नाही. अद्याप नाही. स्वानंदचा, योगिनीचा, दिपेशचा, कादंबरीचा आणि माझा, असा प्रत्येकाचा एकेक पट्टा. मी त्याला उरलीसुरली लोकर म्हटले होते. त्यापुढे मोठ्या माणसाचा गळा गृहीत धरून मी तो वाढवीत सुटलो, आता तो गुडघ्यापर्यंत येतो.

मी कोणालाही काही विचारणार नाही. संक्रांतीला कल्याणला जाणार नाही. तिला जेव्हा सांगावेसे वाटेल तेव्हा ती सांगेल, आणि तोपर्यंत मला काहीही ठाऊक नाही.

परंतु माझी भीती गेली नाही, फक्त तिने जागा बदलली. दोन वर्षांपूर्वी एकदा तिचे पोटातले राहिले नव्हते. त्या वेळी नीला महिनाभर तिच्याजवळ होती. आता कोण आहे? भिंतीला हात टेकून ती का थांबत होती? आणि आणखी एक, जे विज्ञानाच्या पदवीधराने लिहू नये: मी रीत मोडली का? मफलर पुढे नेला, तो उसवू का? उसवणे अशुभ मानतात का? टाके निसटू नयेत म्हणून सुयांच्या टोकांना रबरी बुचे लावून ठेवली आहेत. दिवसातून दोनतीनदा जाऊन पाहतो.

आपला,
प्रभाकर

*

डोंबिवली
७ जानेवारी २०२५

प्रभाकरराव,

बुचं लावलीत! नीला असती तर हसून हसून तिला उचकी लागली असती.

रीत मोडलेली नाही. टाके बंद केले असतेत तर गोष्ट वेगळी. तुमचा भाग खुशाल उसवा, आपलंच विणलेलं उसवण्यात अशुभ काही नसतं. फक्त नीलाची शेवटची ओळ आली की हात आवरा. तिथे आधी एक बारीक सुई ओवून ठेवा, म्हणजे धागा खाली धावणार नाही.

ती का थांबत होती म्हणता? डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय, तपासणीपुरतंच उठायचं. शाल थंडीसाठी नव्हती, बघणाऱ्यांसाठी होती. एकदा नव्हे, दोनदा राहिलं नाही तिचं. दुसरी खेप तुम्हाला कळू दिली नाही. या वेळचं तिनं आईला सांगितलं आणि नीला पंधरा दिवसांत गेली. स्मशानातून परतलेले तुम्ही कसे बसला होतात ते तिनं पाहिलंय. मला म्हणाली, “मावशी, हेही गेलं तर बाबांना ते सांगायची ताकद माझ्यात नाही. हातात येऊ दे, मग सांगू.” म्हणून शब्द दिला. झालं, मोडलाच शेवटी.

सोबत लोकरीचा एक गुंडा पाठवते आहे. तुम्ही म्हणता, त्या मफलरात प्रत्येकाचा पट्टा आहे. नीलाचा नाही. तिनं स्वतःसाठी मफलर कधी विणलाच नाही, मग उरेल कुठून? तिचा रंग पिस्ता. लग्नाआधी तिच्या सगळ्या ओढण्या पिस्ता असायच्या. तुमचं सगळं उसवून झालं, की हा एक पट्टा घाला आणि सुयांवर ठेवा. सैल हातानं.

नंदा

*

कोलशेत, ठाणे (प.)
दि. १६ जानेवारी २०२५

आदरणीय नंदाताई,
नमस्कार.

दिपेश आला होता. त्याच्याबरोबर त्याचा मफलर आणि कादंबरीसाठी साधा गूळ दिला. स्वानंद-योगिनीचे बंगळूरला पाठवले. दिपेश दारात घुटमळला.
“बाबा, काही विचारायचंय का?”
“नाही. सावकाश जा.”
“कादंबरी कशी आहे वगैरे?”
“झोपली असेल.”


सांगितल्याप्रमाणे माझे पट्टे उसवले. पिस्ता पट्टा घातला. तो तीनदा घालावा लागला, कारण सैल हात मला येत नाही. पिस्ता रंगाच्या अनेक छटा मी आयुष्यभर जुळवल्या आणि कारखान्यातून मालगाड्या भरून पाठवल्या. ती कोणाची आवड आहे, हे मला आपल्या पत्रातून कळले.

आता करण्यासारखे काही उरलेले नाही. हे सर्वांत कठीण आहे.

आपला,
प्रभाकर

*

कल्याण
२२ फेब्रुवारी

बाबा,

फोनवर मी रडेन आणि तुम्ही “हं, हं” कराल, म्हणून लिहितेय. मावशीकडून ही सवय लागली.

तुम्हाला माहितेय ना? मावशीनं काही सांगितलेलं नाही असं ती म्हणते, पण ती खोटं बोलताना अंगठा चोळते. आणि खरं सांगू, माझ्या लक्षात तुमच्यामुळेच आलं. आधी रोज विचारायचात, का आली नाहीस, का झोपलीस, आवाज असा का येतोय. जानेवारीपासून एकदम बंद. नुसतं “ठीक आहे ना?” आणि मग पाण्याचं, पेपरवाल्याचं. दिपेश म्हणाला, “बाबा काही विचारतच नाहीत, मला टेन्शन आलंय.” मी म्हटलं, अरे, त्यांना कळलंय.

सांगितलं नाही म्हणून रागावू नका. मला वाटायचं, तुम्हाला आणखी काही सोसायला लावू नये. पण तुम्ही एकटे तिकडे सोसतच होतात की.

डॉक्टर म्हणतात, पुढच्या आठवड्यात दाखल व्हा, देखरेखीखाली राहिलेलं बरं. मला भीती वाटतेय, बाबा. खूप. तुम्ही या. काही बोलू नका, नुसते बाहेर बसा. आणि आईचं ते घेऊन या. सुयांसकट.

कादंबरी

*

कोलशेत, ठाणे (प.)
दि. १७ मार्च २०२५

आदरणीय नंदाताई,
सप्रेम नमस्कार.

आपला गुडघा ऐन वेळी धरल्यामुळे आपणास इस्पितळात येता आले नाही. दिपेशच्या निरोपावरून मुख्य गोष्ट आपणास कळली आहेच. राहिलेले लिहितो.

इस्पितळात मी रोज बाहेरच्या बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन बसत होतो. पिशवीतून सुया आणि बुचे बाहेर डोकावत. एका परिचारिकेने विचारले, “आजोबा, वेळ जात नाही तर विणत का नाही?” मी म्हटले, “विणून झाले आहे. वाट पाहतो आहे.”

आठ तारखेला, शनिवारी दुपारी कादंबरीला आत नेले. नीलाच्या वेळी अशाच एका दारासमोर मी बसलो होतो आणि त्या दारातून बाहेर येणारा प्रत्येक माणूस माझी नजर चुकवीत असे. या वेळीही दार उघडताच मी आधी जमिनीकडे पाहिले. मग दिपेशचे पाय दिसले. ते धावत होते.

मुलगी आहे. वजनाने लहान आहे. पहिले दोन दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवले होते, त्यामुळे ती दिसे पण मिळत नसे. त्या दोन दिवसांत मी टाके बंद केले नाहीत. आपल्या मातोश्रींचा नियम ‘आलं, की’ असा आहे. हातात येणे म्हणजे येणे, असा अर्थ मी लावला. तिसऱ्या दिवशी तिला कादंबरीच्या कुशीत दिले. तेव्हा खोलीतल्या खुर्चीवर बसून मी एकेक टाका बंद केला. कात्री नव्हती, ती त्याच परिचारिकेने आणून दिली. कादंबरीने पिस्ता पट्ट्यावरून बोट फिरवले आणि म्हणाली, “हा आईचा नाही. हा किती घट्ट आहे.” मी म्हटले, “आईचाच आहे. विणला मी.”

नीला असती तर हे बाळंतपण कोलशेतला झाले असते. ती नाही, म्हणून माहेरच कल्याणला गेले, असे मी समजतो. काल आई आणि बाळ घरी आली. उकाडा सुरू झाला आहे, मफलर पाळण्याच्या दांडीला बांधून ठेवला आहे. दिपेशने स्वयंपाक केला आणि तीन पाने मांडली. मग त्याला एकदम आठवले आणि तो तिसरे पान उचलू लागला. मी त्याला ते तिथेच ठेवायला सांगितले व हात धुऊन आलो.

वरणात मीठ कमी होते. मी पुन्हा वाढून घेतले.

आपला,
प्रभाकर